वेलिंग्टन मुन्नारला आलाच नव्हता

आधी एक चूक कबूल करतो. असईच्या लढाईवर लिहिलेल्या लेखाच्या शेवटी मी एक वाक्य ठोकून दिलं होतं. असई जिंकणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याआधी तेरा वर्षं केरळातल्या मुन्नारच्या डोंगरांत टिपू सुलतानाच्या मागावर येऊन गेला होता, असं ते वाक्य. पर्यटनाच्या कुठल्याशा माहितीपत्रकातून मी ते उचललं होतं. लेख वाचून एका निवृत्त कॅप्टनसाहेबांचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "तारीख तपासलीस का रे?"

तपासली नव्हती. वाक्य मला आवडलं होतं, म्हणून लिहिलं होतं.

आवडण्याचं कारण सांगतो. माझं गाव जालना जिल्ह्यातलं, असईपासून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधलं ते रान मी लहानपणापासून पाहिलंय. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची गाठ पडली. वाटाड्ये म्हणाले, नदीला उतार नाही. यानं दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही काठांवर गावं समोरासमोर. एवढी जवळजवळ गावं आहेत, तर माणसं ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असणारच, असा हिशेब करून त्यानं फौज पाण्यात घातली. उतार होता. त्याचे दीड हजारांवर लोक त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले, पण लढाई त्यानं जिंकली.

पुढं नोकरीत माझी पोस्टिंग आली ती निलगिरीतल्या वेलिंग्टनला. हे लष्करी ठाणं जकाताला नावाच्या ठिकाणी १८५० च्या दशकात उभं राहिलं आणि नुकत्याच वारलेल्या ड्यूकचं नाव त्याला मिळालं. तिथंच मद्रास रेजिमेंटचं सेंटर आहे. या रेजिमेंटच्या चिन्हावर जो हत्ती आहे, तो असईचा हत्ती. आमच्या शिवारात मद्रासी पलटणींनी जो पराक्रम केला त्याची ती खूण. म्हणजे जालन्याचा मी, निलगिरीत रोज सकाळी असईच्या हत्तीला बघत पीटीला जात होतो. त्यात तोच वेलस्ली मुन्नारलाही गेला होता असं वाचल्यावर मला वाटलं, गोष्टीचा गोफ पुरा झाला. गोफ फार सुबक विणला गेला की एखादा धागा खोटा असण्याची शक्यता असते, हे तेव्हा कळलं नाही.

म्हणून जानेवारीत आठ दिवसांची सुट्टी मिळाली तेव्हा सौ. आणि मुलीला घेऊन मुन्नार गाठलं. त्यांना थंडी, चहाचे मळे आणि फोटो हवे होते. मला तारीख तपासायची होती.

वेलिंग्टनहून कुन्नूरचा घाट उतरून मेट्टुपालयम, कोइंबतूर, पोल्लाची आणि मग उडुमलपेट. उडुमलपेटपासून मुन्नारचा रस्ता अनमलै आणि चिन्नारच्या जंगलातून जातो. ज्यांना वाटतं केरळ म्हणजे सगळीकडे हिरवं, त्यांनी हा रस्ता जरूर करावा. चिन्नार सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला आहे. बाभळीसारखी काटेरी झाडं, निवडुंग, भेगाळलेली जमीन. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या गावाकडं आल्यासारखं वाटतंय." मग मरयूर. तिथं चंदनाची राखीव जंगलं आणि उसाचे फड, गुऱ्हाळांचा वास. आणि मरयूर सोडलं की चढ सुरू होतो. दोन-तीन वळणांत हवा बदलते, आणि डोंगर कुणी कंगव्यानं विंचरावेत तसे चहाच्या ओळींनी भरलेले दिसू लागतात.

मुन्नार म्हणजे मून आणि आरु, तीन नद्या. मुदिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला यांचा संगम. उंची दीड हजार मीटरच्या पुढं. शेजारी अनमुडी शिखर, २६९५ मीटर, हिमालयाच्या दक्षिणेला याच्याहून उंच काही नाही. याच डोंगरउतारांवर बारा वर्षांतून एकदा नीलकुरिंजी फुलते. २०१८ ला फुलली होती, आता २०३० ला फुलेल.

लॉजवर पोचलो तर टेबलावर तेच माहितीपत्रक. पहिलं वाक्य तेच: १७९० मध्ये वेलस्ली इथं येणारा पहिला इंग्रज होता. मुलीनं खिडकीतून बाहेरच्या कड्यांकडं बघत विचारलं, "तोफा घेऊन तो वर कसा चढला असेल?"

प्रश्न लहान होता, पण बरोबर होता. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्यांदा जमीन वाचायला शिकवतात. नकाशा मांडून बघा. पश्चिम घाटाची भिंत निलगिरीच्या दक्षिणेला एकाच ठिकाणी नीट तुटते, पालक्काडच्या खिंडीत. तीस-चाळीस किलोमीटर रुंद, जवळजवळ सपाट. बैलगाड्या, तोफा, रसद, सगळं तिथून आरामात जातं. ही वाट असताना फौज घेऊन मुन्नारच्या कड्यांवर, जळवांच्या आणि हिवतापाच्या जंगलात कोण चढेल? ज्या माणसानं समोरासमोरची दोन गावं पाहून नदीचा उतार ओळखला, तो तर नक्कीच नाही.

आता तारखा. १७८९ च्या २९ डिसेंबरला टिपूनं त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला, तो परतवला गेला. एप्रिल १७९० मध्ये तो तट फोडून आत घुसला, पेरियार नदीपर्यंत आला. पावसाळा तोंडावर आणि मागं कोइंबतूरच्या बाजूला इंग्रजांची जमवाजमव, म्हणून त्याला फिरावं लागलं. त्याच वर्षी इंग्रजांच्या कर्नल स्टुअर्टनं दिंडिगल आणि पालक्काडचा किल्ला घेतला. या युद्धात आपले मराठेही इंग्रजांच्या बाजूनं होते. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले होते. म्हणजे १७९० मध्ये टिपू केरळात होता हे खरं, इंग्रज फौजा डोंगरापलीकडं होत्या हेही खरं.

पण वेलस्ली? १७९० मध्ये तो एकवीस वर्षांचा होता आणि आयर्लंडमध्ये होता. डब्लिनला तिथल्या व्हाइसरॉयचा एडीसी. त्याच वर्षी तो तिथल्या पार्लमेंटवर निवडून आला. हिंदुस्थानात त्यानं पहिलं पाऊल टाकलं फेब्रुवारी १७९७ मध्ये, कलकत्त्याला. मुन्नारच्या तारखेनंतर सात वर्षांनी. पुढं श्रीरंगपट्टण पडल्यावर मलबार आणि वायनाडात पळशी राजाशी त्याचा सामना झाला, पण ते केरळचं उत्तर टोक. मुन्नारशी त्याचा संबंध नाही.

झालं. माझं वाक्य चुकीचं. इथं खरं तर लेख संपायला हवा होता. पण दुसरा प्रश्न उरलाच होता. वेलस्ली आला नाही, तर मग कोण आलं?

कागदावर जे सापडतात ते असे. १८१६ ते १८२० या काळात मद्रास फौजेचे दोन लेफ्टनंट, वॉर्ड आणि कॉनर, यांनी त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांची मोजणी केली, नकाशे काढले. त्यांच्या नोंदी आजही अभ्यासक वापरतात. १८६२ मध्ये मद्रास फौजेचाच डग्लस हॅमिल्टन अनमुडीवर चढला. पायपीट करणारे, नोंदवही ठेवणारे हे सैनिक. यांच्या नावाचा लॉज मला मुन्नारात दिसला नाही.

मग आला जॉन डॅनियल मन्रो. हा वेलदोड्याच्या डोंगरांचा सुपरिंटेंडंट. आपल्याकडं मळेवाल्यांची गोष्ट चहापासून सुरू करतात, पण इथं चहाच्या आधी वेलदोडा आहे. मुन्नारच्या दक्षिणेचे डोंगर पूर्वापार वेलदोड्याचे. त्रावणकोर सरकारचा त्यावर मक्ता होता. वेलदोडा पिकवायचा तो सरकारला द्यायचा. त्यावर देखरेख ठेवायला मन्रोसारखा अधिकारी. १८७७ मध्ये त्यानं पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन डोंगर खंडानं घेतले. सुमारे १,३६,६०० एकर. खंड वर्षाला तीन हजार रुपये. हिशेब केला तर एकराला दोन-अडीच पैसेही पडत नाहीत. सौ.ने हा आकडा दोनदा विचारून घेतला.

कण्णन देवन हे नाव आपण चहाच्या पुड्यावर वाचतो. ते कण्णन तेवर नावाच्या इथल्या एका पुढाऱ्यावरून पडलं असं मानतात. आणि त्याच्याही आधी इथं होते ते मुदुवान आदिवासी. तमिळमध्ये मुदुगु म्हणजे पाठ. मदुरैहून पाठीवर मुलंबाळं घेऊन डोंगर चढलेले लोक म्हणून मुदुवान, अशी त्यांच्यात परंपरागत समजूत आहे. पहिल्या साहेबांना वाटा कुणी दाखवल्या असतील, ते वेगळं सांगायला नको.

नव्या मळेवाल्यांनी सगळं लावून पाहिलं. कॉफी, सिंकोना, घायपात, वेलदोडा. सिंकोनाची साल म्हणजे क्विनाइन, आणि क्विनाइनवाचून त्या काळी कुठलीच पलटण उष्ण प्रदेशात टिकत नव्हती. १८८० मध्ये ए. एच. शार्पनं पार्वती मळ्यात पहिला चहा लावला. सिलोनात कॉफीला तांबेरा लागला होता, त्यामुळं सगळ्यांची नजर चहाकडं होतीच. १८९७ मध्ये कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी निघाली. पुढं मळे टाटांकडं आले आणि २००५ पासून बरेचसे मळे जी कंपनी चालवते, तिचे समभाग कामगारांकडंही आहेत.

दुसऱ्या दिवशी नल्लतण्णीचं चहाचं संग्रहालय पाहिलं. १९०५ चं पानं वळण्याचं यंत्र, १९१३ चं दगडी सूर्यघड्याळ, पाण्यावर वीज करणारं जुनं पेल्टन चाक, आणि एका छोट्या रेल्वेचं चाक. हो, मुन्नारला रेल्वे होती. १९०२ मध्ये आधी एकाच रुळाची, बैलांनी ओढायची गाडी, मग १९०८ पासून अरुंद रुळांची वाफेची गाडी. मुन्नार ते टॉप स्टेशन. तिथून चहाच्या पेट्या रोपवेनं खाली तमिळ मुलुखात उतरायच्या आणि बोडीनायकनूरकडं जायच्या. जुलै १९२४ च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली. मल्याळी पंचांगाचं ते १०९९ वर्ष, म्हणून केरळात अजूनही त्याला नव्व्याण्णवचा पूर म्हणतात. रेल्वे पुन्हा बांधली नाही. आज लोक टॉप स्टेशनला ढगांचे फोटो काढायला जातात आणि विचारतात, स्टेशन कुठं आहे?

मग टेकडीवरचं चर्च. १९१० च्या सुमाराचं, दगडी. पण मागची दफनभूमी चर्चपेक्षा जुनी. १८९४ मध्ये एलेनॉर नावाची एक तरुण इंग्रज बाई लग्नानंतर थोड्याच दिवसांत कॉलऱ्यानं गेली, तिला इथं पुरलं. आधी थडगं आणि मग चर्च, असा उलटा क्रम. थडग्यापाशी उभा राहिलो. परक्या मुलुखात मेलेल्याच्या दगडाला फौजी माणूस हात जोडतोच, तिथं तो दगड कुणाचा हे पाहत नाही. चर्चमध्ये भिंतीवर मळेवाल्यांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत. नाव, हुद्दा, साल. सगळं व्यवस्थित.

तिथून बाहेर आलो आणि समोरच्या उतारावर दोन-तीनशे बायका चहा खुडताना दिसल्या. तेव्हा एक गोष्ट टोचली. दीड दिवसात मी ज्यांची नावं वहीत लिहिली होती, त्यातल्या कुणीही चहाचं एक पान खुडलं नव्हतं.

वेलिंग्टनच्या कँटीनमध्ये ओळख झालेल्या मद्रास रेजिमेंटच्या एका हवालदारानं मला त्याच्या काकांचा नंबर दिला होता. काका त्याच रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त. बोडीमेट्टूच्या बाजूला त्यांचा दीड एकर वेलदोडा आहे. फोन केला तर म्हणाले, फॅमिली लेके आओ, खाना इधर.

वेलदोड्याचं झाड मी पहिल्यांदा नीट पाहिलं. हळदीच्या जातीचं, माणसापेक्षा उंच पानं, मोठ्या झाडांच्या सावलीत. आपल्याला वाटतं वेलदोडा वर कुठं तरी फांदीला लागत असेल. नाही. बुंध्यापासून जमिनीलगत लांब दांडे निघतात आणि त्यांना हिरवी बोंडं लागतात. तोडणाऱ्या बायका दिवसभर वाकून किंवा बसून एकेक पिकलेलं बोंड निवडतात, कारण एकाच दांड्यावर काही तयार असतात, काही कच्ची. ऑगस्टपासून दर महिना-दीड महिन्यानं फेरी. मग भट्टीच्या खोलीत मंद उष्णतेवर दिवसभर वाळवणं. आच जास्त झाली तर हिरवा रंग जातो, आणि रंग गेला की भाव गेला. पाच किलो ओली बोंडं वाळवली की साधारण एक किलो वेलदोडा. मग चाळणीनं आकार वेगळे करायचे. आठ मिलिमीटरच्या वरचा तो राजा. लिलाव पुट्टडी आणि बोडीनायकनूरला. सौ.ने ओंजळभर वेलदोडे हुंगून पाहिले आणि म्हणाली, "श्रीखंडात दोन दाणे जास्त पडले तर आता मी कुणाला बोलणार नाही."

जेवणानंतर मी सुभेदारसाहेबांना माझी वेलिंग्टनची सगळी कहाणी सांगितली. असई, हत्ती, चुकलेली तारीख. हत्तीचं ऐकून ते खूश झाले, शेवटी त्यांच्याच टोपीवरचा हत्ती. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "वेलिंग्टन आया, नहीं आया, हमको मालूम नहीं. मेरा परदादा आया था. पैदल."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पणजोबा तिरुनेलवेलीच्या बाजूचे. दुष्काळ आणि कर्ज. गावात कंगाणी आला. कंगाणी म्हणजे मजूर गोळा करणारा मुकादम. उचल द्यायचा, माणसं जमवायचा, मळ्यावर आणून त्यांच्यावर देखरेखही तोच करायचा. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आणि मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. बोडीपर्यंत रस्ता आणि तिथून घाट चढून पायी. वर आल्यावर थंडी, पाऊस, जळवा, ताप. जंगल तोडणं आणि चहा लावणं हे काम त्या लोकांनी केलं. बहुतेक सगळे तमिळ, त्यातही गावकुसाबाहेरचे. म्हणून तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देवीकुलम आणि पीरमेड तालुके कुणाचे, यावर मोठा वाद झाला. लोक तमिळ, राज्य केरळ. सीमाभागाचं दुखणं मराठी माणसाला माहीत आहे, तेव्हा त्यावर मी जास्त लिहीत नाही.

राहायला लयम. लयम म्हणजे एका रांगेत खोल्या, प्रत्येक कुटुंबाला एक खोली, एक चूल, पुढं व्हरांडा. आपल्या चाळीचा डोंगरी भाऊ. सुभेदारसाहेब अशाच खोलीत जन्मले. आई चहा खुडायची. दोन पानं आणि एक कळी. चहाचं झुडूप म्हणून आपण जे बघतो ते खरं तर झाड आहे. छाटून छाटून त्याला कमरेएवढं ठेवतात, म्हणजे बाईचा हात पोचतो. चार किलोच्या वर ओली पानं खुडली की एक किलो चहा होतो.

"फौज में क्यों गए साब?" मी विचारलं. मला वाटलं, रेजिमेंटची परंपरा वगैरे सांगतील.

ते म्हणाले, लयमची खोली नोकरीची असते. आई रिटायर झाली की खोली सोडायची, नाही तर घरातल्या कुणी तरी मळ्यात नाव लावायचं. तीन पिढ्या अशाच खोलीसाठी मळ्यात राहिल्या. मी भरती झालो तेव्हा मेजरनं विचारलं, घरचा पत्ता काय? मी मळ्याचं नाव आणि लाइनचा नंबर सांगितला. तो म्हणाला, ये तो कंपनी का पता है, तेरा पता बोल. माझ्याकडं दुसरा पत्ता नव्हता. पेन्शनच्या पैशातून ही जमीन घेतली, ती त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

मी सोळा वर्षं नोकरी केली. घरच्या पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव लिहिताना माझा हात कधी थांबला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, तो रकाना भरता येणं हीसुद्धा एक मिळकत आहे.

परत येताना त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आम्हाला मुन्नारला सोडायला आला. तोही लयममध्येच वाढलेला. त्याच्या आईनं सप्टेंबर २०१५ च्या संपात भाग घेतला होता. पोंबिलै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट. वीस टक्के बोनससाठी हजारो बायका मुन्नारच्या हमरस्त्यावर बसल्या, नऊ दिवस. युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांनासुद्धा त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. हे सांगताना तो हसत होता. पण राजमलैच्या फाट्याजवळ तो गप्प झाला आणि हातानं एका बाजूला दाखवून म्हणाला, पेट्टिमुडी.

६ ऑगस्ट २०२०. रात्रीची वेळ, मुसळधार पाऊस. डोंगर सुटला आणि पेट्टिमुडीच्या लयमच्या रांगांवर आला. माणसं झोपेत होती. फोन बंद होते, बातमी बाहेर पोचायला सकाळ झाली. सत्तर माणसं गेली, त्यातली चार शेवटपर्यंत सापडलीच नाहीत. एका घरातलं कुत्रं, कुवी त्याचं नाव, दिवसचे दिवस ढिगाऱ्याभोवती फिरत राहिलं आणि त्याच्यामुळं एका लहान मुलीचा मृतदेह सापडला. पुढं पोलिसांच्या श्वानपथकानं त्याला सांभाळलं.

मला ती तारीख दुसऱ्याच कारणानं पाठ होती. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, कोळिकोडच्या धावपट्टीवर विमान कोसळलं आणि कॅप्टन दीपक साठे गेले. हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, आपले मराठी. त्या आठवड्यात आम्हा फौजींच्या प्रत्येक ग्रुपवर साठेसाहेबांचा फोटो होता, मीही लावला होता. लावायलाच हवा होता. पण त्याच वेळी त्याच राज्यात सत्तर माणसं मातीखाली होती, आणि मला ते अडीच वर्षांनी एका ड्रायव्हरकडून कळलं. बातमी आली असेल. मी वाचली नव्हती.

तुमच्यापैकी जे फौजेत होते त्यांना नॉमिनल रोल माहीत आहे. युनिट हललं, गाडीत बसलं, जेवायला बसलं, तरी आधी नॉमिनल रोल. नंबर, हुद्दा, नाव. एक जरी माणूस कमी भरला तरी गाडी पुढं जात नाही. आम्ही त्याला कंटाळायचो. पण त्याचा अर्थ एवढाच असतो की गेलेला माणूस कोण होता, हे कुणाला तरी माहीत असावं. वेलिंग्टनला शहिदांच्या स्मारकावर रेजिमेंट पुष्पचक्र वाहते ते त्याच हिशेबानं.

मुन्नारचं जंगल ज्यांनी तोडलं आणि पहिला चहा ज्यांनी लावला, त्यांचा असा रोल मला कुठं दिसला नाही. पितळी पाटीवर मळेवाले आहेत, पुड्यावर कण्णन देवन आहे, माहितीपत्रकात तर जो आलाच नाही तो वेलिंग्टन आहे. न आलेल्या माणसाला जागा देण्यात माझाही हात होता, म्हणून हा लेख.

निघताना मी सुभेदारसाहेबांना पणजोबांचं नाव विचारलं होतं. त्यांनी सांगितलं. गाव विचारलं, तर म्हणाले, तिरुनेलवेली साइड, आगे का नहीं मालूम. दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या आहेत. नाव इथं देत नाही, कारण छापण्याची परवानगी मी घेतली नव्हती. पुढच्या सुट्टीत घेईन.

असईच्या लेखातलं ते वाक्य आता काढून टाकलं आहे. कॅप्टनसाहेबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग तिथं आता काय लिहिलंस?" मी म्हणालो, काही नाही साहेब, जागा मोकळी ठेवली आहे.

जय हिंद.